दोघींचं चायनीज

धैर्यशीलचा फोन आला तेव्हा मी परड्यात तूर बडवत होते. हातातली काठी टाकली, पदरानं तोंड पुसलं आणि फोन कानाला लावला.

"आई, सुट्टी मंजूर झाली. पुढच्या रविवारी घरात."

चौदा महिन्यांनी पोरगं घरी येणार होतं. मी तिथंच तुरीच्या ढिगावर बसले. तो अरुणाचलात, पार वर सरहद्दीला. त्या ठिकाणाचं नाव मला आजवर नीट उच्चारता आलेलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, पण फोनवर रडलेलं त्याला आवडत नाही, म्हणून मी लगेच कामाचं बोलले.

"काय करून ठेवू तुला? मटण, पुरणाच्या पोळ्या, शेंगोळ्या? सांग."

"चायनीज कर."

"गाढवा, चीन तुझ्या उशाला हाय. तिथं तुला चायनीज मिळंना व्हय?"

तो हसला. "हितं थुकपा मिळतो, मोमो मिळत्यात. लय भारी असतंय. पर आपल्या घरच्यासारखं न्हाई ते. तू आन् काकी मिळून करायचा न्हवं, शेवयांचं, ते पायजे मला. दोघींनी मिळून केलेलं."

आणि लाइन कट झाली. झाली की त्यानं केली, देव जाणे.

काकी म्हणजे माझी धाकटी जाऊ, संयोगिता. आमच्या दोन घरांच्या मध्ये सहा फुटांची भिंत आहे, आणि नऊ वर्षांत आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही. हे माझ्या लेकाला चांगलं ठाऊक आहे. तरी त्यानं 'दोघींनी मिळून' हे दोनदा म्हटलं. असला आगाऊपणा त्यानं कुणाकडून उचलला, हे मला विचारू नका. मी, विजयमाला, तीस वर्षं अंगणवाडीत काढली आहेत. माझा आवाज मोठा आणि जीभ त्याहून मोठी, असं कडेगाव तालुक्यात कुणीही सांगेल.

पूर्वी सगळं एकच घर होतं. माझे मालक मानसिंग पलटणीत, वर्षातून दोन महिने घरी. धाकटे दीर नानासो शेती बघायचे. मी मेढ्याकडची, डोंगरातली, नाचणी-भातावर वाढलेली. संयोगिता सांगली शहरातली. लग्न होऊन आली तेव्हा पायात उंच टाचेच्या चपला होत्या, आणि त्या घालून ती उसाच्या सरीत उतरली होती. मी हसून हसून बांधावर बसले होते. ती चिडली नाही. चपला हातात घेतल्या आणि म्हणाली, "आक्का, आता शिकवा." त्या दिवसापासून आमचं जमलं.

मी सकाळी अंगणवाडीत जायची. गावाची पोरं सांभाळायला मी आणि माझं पोरगं सांभाळायला संयोगिता, असा तो कारभार होता. धैर्यशील पहिला शब्द 'काकी' बोलला. मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. पण संयोगिताच त्या दिवशी रडली आणि म्हणाली, "आक्का, मी न्हाई शिकवलं वो त्याला," तेव्हा मलाच तिला समजावत बसावं लागलं.

चायनीजचं खूळ शिरलं ते नणंदेच्या लग्नाच्या वर्षी. बस्ता काढायला आम्ही कराडला गेलो होतो. साड्या घेऊन झाल्या, पोटात कावळे ओरडत होते. एसटी स्टँडच्या बाहेर लाल रंगाचा एक गाडा होता, त्याच्यावर तोंडातून जाळ सोडणारा साप काढलेला. मालक कढई हलवायचा आणि आगीचा भडका त्याच्या भुवयांपर्यंत जायचा. डोक्यावर पदर घेतलेल्या आम्ही दोघी सुना लांबून बघत उभ्या. शेवटी संयोगिता म्हणाली, "चला आक्का, कोण वळखतंय आपल्याला हितं." एक प्लेट दोघींत घेतली. माझ्या नाकातोंडातून पाणी आलं, कान गरम झाले, आणि दुसरी प्लेट मागायचा धीर होईना म्हणून परतीच्या एसटीत आम्ही दोघीही गप्प होतो.

वांगीच्या फाट्यावर आल्यावर ती म्हणाली, "आक्का, त्या नूडल म्हंजे शेवयाच की. मला येतंय करायला."

"तुला कसं येतंय?"

"सांगलीत बघितलंय मी."

आता अडचण सासूबाईंची. मनुबाई आमच्या पक्क्या माळकरी. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की चायनीजमध्ये बेडूक घालतात. त्यामुळे घरात त्याचं नावही काढायची बंदी होती. दर गुरुवारी दुपारी त्या विठ्ठलाच्या देवळात भजनाला जात, आणि तेवढे दोन तास आमचे. गोठ्यामागं तीन दगडांची चूल मांडायची. तुराट्यांचा जाळ असा भडकतो की गॅसची शेगडी त्याच्यापुढं काहीच नाही. खपली गव्हाच्या शेवया मी करायची, त्या माझ्या हातच्या. पाण्याला उकळी आली की सोडायच्या, मोडायच्या आत काढायच्या, चाळणीत ओतून वरनं गार पाणी मारायचं आणि तेलाचा हात लावून पाटीत पसरायच्या. कोबी, गाजर, पातीचा कांदा उभा चिरायचा. पुढचं सगळं संयोगिताचं. लोखंडी कढईत लसूण-मिरचीचा ठेचा पडला की पलीकडच्या गल्लीतली माणसं शिंकायची. आणि सगळ्यात शेवटी ती पदराखालून एक बाटली काढायची, जुन्या खोकल्याच्या औषधाची, तिच्यात काळं काहीतरी. दोन पळ्या घातलं की सगळी कढई तपकिरी व्हायची आणि असा वास सुटायचा की म्हशीसुद्धा मान वळवून बघायच्या.

"काय गं हे?"

"सोया सॉस. सांगलीचा हाय, हितं मिळायचा न्हाई."

एका परातीत सगळं ओतायचं आणि चौघांनी भोवतीनं बसायचं: मी, ती, माझा धैर्यशील आणि तिची स्वप्नाली. पोरांना घास भरवायला वेळ कुणाला होता! एकदा सासूबाई अर्ध्या भजनातून घसा बसला म्हणून परत आल्या आणि थेट गोठ्यामागं. आमचे चौघांचे हात परातीत. मला वाटलं, आता गेलो माहेरी. संयोगिता उठली आणि शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, शेवयांचा तिखट सांजा केलाय, बघता का?" सासूबाई बसल्या. दोन ताटल्या खाल्ल्या. वर म्हणाल्या, "ग्वाड खाऊन वीट आला हुता. असंच करत जावा." त्या पुढं पंधरा वर्षं जगल्या आणि अखेरपर्यंत दर गुरुवारी भजनाहून आल्यावर विचारायच्या, "तिखट सांजा ठेवलाय का गं?"

असं होतं आमचं. आता ते मोडलं कसं, तेही सांगते, कारण मोडलं ते मी.

सासूबाई गेल्या, पाठोपाठ मालक पेन्शनीत निघून घरी आले, आणि वाटणी ठरली. भावाभावांत काही वाद नव्हता. दोघं आजही सकाळचा चहा स्टँडवर एकत्र पितात. वाद फक्त विहिरीकडच्या पट्टीचा होता. संयोगिता म्हणाली ती पट्टी आम्हाला द्या. पंच बसले होते, चार भावकीतली माणसं होती, आणि मी उभी राहून बोलले, "तुला एक पोरगी. ती जाईल लोकाच्या घरला. तुझ्या मागं हाय कोण रान कसायला?"

स्वप्नालीनंतर दोन वेळा तिची कूस रिकामी झाली होती. दोन्ही वेळा कराडच्या दवाखान्यात तिच्या उशाशी मीच बसले होते. दुसऱ्या खेपेला मुलगा होता, हे डॉक्टरांनी मला सांगितलं आणि मी तिला. म्हणजे कुठं लागतं हे मला बरोबर माहीत होतं, आणि तिथंच मी मारलं. ती उठली. पदर सावरून आत गेली. विहिरीकडची पट्टी आम्हाला मिळाली, आठवड्यात भिंत उभी राहिली, आणि भांडण झालं असतं तर पुढं कधी मिटलं असतं, पण ती भांडलीच नाही.

तर असं सगळं असताना माझा लेक मला म्हणत होता, दोघींनी मिळून कर.

मी म्हटलं, हॅ. करणारी मी एकटी काय मेले? दुसऱ्याच दिवशी कडेगावला गेले. दुकानदारानं काळी, लाल, हिरवी अशा तीन बाटल्या आणि नूडलचं पाकीट पुढं ठेवलं. घरी येऊन मोबाइलवर एका पोरीचा व्हिडिओ लावला. ती सारखं म्हणत होती, गॅस फुल ठेवा, भाज्या क्रंची राहू द्या. सगळं तिनं सांगितलं तसं केलं आणि मालकांपुढं ताटली ठेवली.

"बरं हाय," ते म्हणाले.

लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्यांचं 'बरं हाय' म्हणजे काय ते मला कळतं. गेल्या वर्षी दाढ उपटून आले तेव्हाही कसं वाटतंय विचारल्यावर हेच म्हणाले होते.

मंगळवारी शेवया घेतल्या. नऊ वर्षांत हाताचा अंदाज गेला होता. लगदा झाला. म्हशीपुढं टाकला, तिनं हुंगला आणि तोंड फिरवलं. बुधवारी शेवया जमल्या, एकेक सुटी, पण दुकानातला तो काळा सॉस घातला आणि चव बिघडली. खारट, उग्र. पुन्हा केलं, कमी घातला, साखर घातली, लिंबू पिळलं. चांगलं झालं, कुणीही खाल्लं असतं. पण ते आमचं नव्हतं. आमच्या चायनीजला एक चव होती, आधी जिभेला गोड लागायची, मग आंबट, आणि मग मागून तिखट धावून यायचं. शुक्रवारपर्यंत मी पाच वेळा केलं. घरभर कोबीचा वास भरला.

शुक्रवारी मालकांनी ताटली बाजूला सारली. "विजे, किती दिवस कोबी खाऊ घालणार मला? त्या काळ्या बाटलीत काय हुतं, ते जाऊन इचार की तिला."

"मी न्हाई जायची."

"चीनच्या भिंतीवर म्हंत्यात लोक तिकीट काढून चढत्यात. आपली तर सहा फुटाची हाय."

"तुमाला चेष्टा सुचतीया."

"चेष्टा न्हाई," ते म्हणाले. आवाज बदलला होता त्यांचा. "पोरगं सरहद्दीवरनं येतंय. त्यानं काय मागितलंय ते तुला बी कळतंय आन् मला बी. ते न्हाई दिलंस तर पंधरा दिवस राहील, हसंल, खाईल आन् जाईल. पुन्यांदा मागायचा न्हाई तो. बापावर गेलाय."

मला खरंच भीती वाटली. चायनीजची नाही. पोरानं मागायचंच सोडलं तर, याची.

शनिवारी सकाळी निघाले. दोनदा लुगडं बदललं. शेवयांचा पुडा पदराखाली घेतला, म्हणजे रिकाम्या हातानं नको. तिच्या फाटकापाशी जाऊन एकदा मागं फिरले, मग कडी काढली. तीस वर्षं तपासणीला येणाऱ्या साहेबलोकांपुढं जी बाई कधी डगमगली नाही, ती मी, हे लक्षात घ्या.

संयोगिता अंगणात सुपात हरभरा पाखडत होती. केस कानाजवळ पांढरे झालेले. गल्लीतून येता-जाता लांबून दिसायची, पण इतक्या जवळून नऊ वर्षांत बघितलं नव्हतं. ती उठली, पदर डोक्यावर घेतला.

"या आक्का. बसा."

माझ्या हातातला पुडा घेऊन कोनाड्यात ठेवला, खुर्ची आणली. आत जाऊन चहा केला आणि कपबशीत आणला. फुलाफुलांची नवी कपबशी, पाहुण्यांची. पूर्वी आम्ही एका पितळीत चहा ओतून दोघी प्यायचो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"धैर्यशील येतोय उद्या," मी म्हणाले.

"ठावं हाय. फोन असतोय त्याचा. दर रविवारी."

दर रविवारी! माझ्या पोटचा पोरगा मला पंधरा दिवसांनी एकदा फोन करतो आणि नेटवर्क नाही म्हणून सांगतो. सरकारचं नेटवर्क भिंतीपलीकडं बरं पोचत होतं. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. कपबशी खाली ठेवली एवढंच.

"मी इचारायला आले," मी म्हणाले, "त्या बाटलीत काय असायचं?"

"सोया सॉस."

"खोटं बोलू नगंस. सोया सॉस आणून बघितलाय मी. पाच कढया वाया घातल्या."

ती सुपाकडं बघत राहिली. ओठाचा कोपरा हलला. "काकवी," ती म्हणाली.

"काय?"

"काकवी वो. गुऱ्हाळावरची. कराडला त्या गाड्यावर काळं चिकट बघितलं, मला वाटलं काकवीच असणार, दुसरं काय असतंय काळं? तुमच्यापुढं ऐटीत म्हटलं, मला येतंय. मग लोखंडी कढईत काकवी करपवली, चिंचेचा कोळ घातला, मीठ घातलं, जमलं. पुढं माहेरी गेले तवा भावानं खरा सोया सॉस दावला. चाखला आन् थुकला. तवर तुमी सगळ्या गल्लीला सांगून बसला हुता, आमच्या संयूला चायनीज येतंय म्हणून. मग कसं सांगायचं तुमास्नी?"

आमच्याच रानातला ऊस, आमच्याच गुऱ्हाळाची काकवी, लहानपणापासून भाकरीबरोबर खाल्लेली, आणि मी पंधरा वर्षं ती सांगलीचा सोया सॉस म्हणून खात होते! मला हसू फुटलं. तिलाही फुटलं. ती तोंडावर पदर धरून हसायला लागली, खांदे हलायला लागले, अगदी पूर्वीसारखे. मग दोघींच्याही लक्षात आलं आणि दोघीही एकदमच थांबलो.

ती आत गेली आणि एक बाटली घेऊन आली. भरलेली होती.

"कालच केली. तो म्हटला हुता, म्हणून. घेऊन जावा. शेवया तुमच्या हातच्या हाईत. आता एकटीला जमंल तुमास्नी."

मी बाटली घेतली. उठले. फाटकापर्यंत गेले. खरं सांगते, त्या वेळी मला हायसं वाटलं. काम झालं होतं. काही न बोलता, मान खाली न घालता, जे पाहिजे ते हातात आलं होतं. उद्या पोराला वाढलं असतं, त्याला चव ओळखीची लागली असती, आणि मी म्हटलं असतं, बघ, विचारून आले काकीला. कडीला हात घातला. मागं वळून बघितलं तर ती कपबशी उचलत होती. कपात चहा तसाच होता, आणि तो ओतायला ती मोरीकडं न जाता तशीच उभी होती, कप हातात धरून.

मी परत गेले. बाटली तिच्या हरभऱ्याच्या सुपात ठेवली.

"संयू, त्या दिवशी पंचांपुढं मी जे बोलले ते पाप हुतं," मी म्हणाले. "रागात निसटलं असं सांगणार न्हाई. ठरवून बोलले. तुला लागावं म्हणून बोलले, आन् कुठं लागंल ते ठावं हुतं म्हणून बोलले. तुज्या उशाशी बसून मला जे कळलं, तेच तुज्यावर उगारलं. तू माफ कर न्हाईतर करू नगंस. पर हे तुला सांगितल्याबिगर मी ही बाटली नेणार न्हाई."

मी कधी इतकं हळू बोलले नव्हते. तिनं हातातला कप खाली ठेवला. मग खाली बसली, अंगणातच, जमिनीवर.

"आक्का, ते वाक्य मी इसरले न्हाई," ती म्हणाली. "इसरणारबी न्हाई. लय प्रयत्न केला. पर एक सांगू? पट्टीचं मला कायबी न्हवतं. सगळं रान घ्या म्हटलं असतं. भिंत बांधताना गवंड्याला म्या दोन दिवस थांबवलं हुतं. ह्यांना म्हटलं, आक्का आज येतील, न्हाईतर उद्या येतील. रागाच्या हाईत, पर येतील." तिचा आवाज फुटला. "नऊ वर्सं लावलीसा वो तुमी."

मी तिच्याशेजारी बसले. दोन दिवस. भिंतीपलीकडं ती दोन दिवस माझी वाट बघत होती, आणि मी इकडं बसून म्हणत होते, बघा, हिला किती घाई भिंतीची, लगेच गवंडी आणला. मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही. मला हुंदका आला आणि तो मी आवरला नाही. गल्लीतल्या बायका बघत असतील तर बघोत, असं वाटलं.

जरा वेळानं तीच उठली. "उद्या अकराच्या सुमाराला या," नाक पुसत म्हणाली. "गोठ्यामागं चूल मांडते. तुराट्या घेऊन या, माझ्याकडं न्हाईत."

रविवारी दोन्ही भाऊ जीप घेऊन पोराला आणायला गेले. आम्ही चूल पेटवली. सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं. ती मला "ते जरा द्या" म्हणायची, मी "हे घे" म्हणायची, शेजारच्या लग्नात कामाला लागलेल्या बायकांसारखं. मग मी शेवया पाण्यात सोडल्या आणि ती ओरडली, "काढा, काढा आक्का, मोडतील!" मी ओरडले, "मला शिकवू नगंस!" आणि तिथून पुढं ठीक झालं. ठेच्याचा खकाणा उठला. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी शिंकलं. तिनं बाटली उपडी केली.

धैर्यशील आला तो माझ्या घरात गेलाच नाही. पाठीवर पिशवी तशीच, वास काढत भिंतीला वळसा घालून सरळ काकीच्या गोठ्यामागं. आम्हाला दोघींना चुलीपाशी बघून थांबला. वाळला होता, रापला होता, ओठ थंडीनं फुटलेले. आधी काकीच्या पाया पडला, मग माझ्या. परातीपुढं मांडी घालून बसला आणि खायला लागला. आम्ही त्याच्या तोंडाकडं बघत होतो. पहिला घास खाऊन त्यानं डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. अर्धी परात त्यानं एकट्यानं संपवली. उरलेली त्याच्या बापानं आणि चुलत्यानं. कढईला चिकटलेलं खरवडून खाल्लं, बोटं चाटली.

मग ढेकर देऊन म्हणाला, "न्हाई जमलं. पयल्यासारखं न्हाई झालं."

एरवी मी उलथनं फेकून मारलं असतं. चाटूनपुसून परात लख्ख केलेली, आणि म्हणे जमलं नाही! मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्याच्या डोळ्यांकडं लक्ष गेलं. भरून आले होते, आणि तो माझ्याकडं नाही, संयोगिताकडं बघत होता. मी तोंड मिटलं.

"मग उद्या परत करू," संयोगिता लगेच म्हणाली. "किती दिस हाईस तू?"

"पंधरा."

"पंधरा दिवस करू. कवातरी जमंलच." ती माझ्याकडं वळली. "शेवया किती शिल्लक हाईत आक्का?"

"दोन खेपेच्या."

"मग?"

खपली गहू माझ्या घरात पोतंभर होता. मशीनही होतं, माळ्यावर. पण शेवयांचं मशीन एकटीनं चालत नाही. एकीनं दांडा फिरवायचा आणि दुसरीनं खाली हात धरायचा, नाहीतर सगळ्या मातीत जातात. गेली नऊ वर्षं मी चार गल्ल्या सोडून सुलाबाईला बोलावून आणत होते.

"तू दुपारी ये," मी म्हणाले. "तू फिरव, मी धरते."

"मी धरणार," ती म्हणाली. "दांडा तुमी फिरवा. माझा खांदा दुखतोय."

मला तिचा खांदा दुखतो हे ठाऊकच नव्हतं. कधीपासून, ते मी विचारलं, आणि ती सांगायला लागली.